माहेरी जाण्याचा परवाना

जळगावात तहसील कचेरीच्या बाहेर टेबल टाकून मी अर्ज लिहितो. आधी हाताने लिहायचो, मग टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. वकील नाही मी, पण वकिलांनी तोंडात बोट घालावं असे अर्ज लिहितो. हे माझं मीच म्हणतो, कारण दुसऱ्या कोणाला म्हणायला सवड नसते. रेशनकार्डात नाव वाढवा, उताऱ्यावर वारस लावा, शेजाऱ्याने गटार अडवली, सगळं लिहितो. त्यातही घरमालक आणि भाडेकरूचं भांडण असलं की माझ्या बोटांना जास्त चव येते. अकरा महिन्यांचा करार कुठे कच्चा असतो, पावती नसली तरी भाडेकरूपण कशाने सिद्ध होतं, हे मला झोपेतही विचारा.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात कचेरी बंद झाली आणि माझं टेबल घरातल्या पलंगावर आलं. लोक फोन करायचे, मी अर्ज करून मोबाइलवर पाठवायचो. पैसे घेत नव्हतो. काम बंद पडलं म्हणून लोकांना घराबाहेर काढायला सुरुवात झाली होती. सरकारने तर सांगितलं होतं की काही महिने भाड्याचा तगादा लावू नका, भाडेकरूला काढू नका. दवाखान्यात काम करणाऱ्याला भीतीपोटी कोणी घराबाहेर काढलं तर त्या मालकावर कारवाई होणार होती. पण कागदावरचं गल्लीपर्यंत पोचायला मध्ये कोणीतरी माणूस लागतो. तो माणूस मी आहे असं मला वाटायला लागलं.

आमच्या मागच्या गल्लीत एक शिंपी कुटुंब राहायचं. लग्नसराई बुडाली, मशिनी थंड पडल्या. त्यांच्या मालकाने तोंडाने काही सांगितलं नाही, नळाचा कॉकच काढून नेला. शिंपी रडवेला होऊन फोनवर म्हणाला, "भाऊ, वो तो बोलते नहीं कुछ. अब पानी बिना कैसे रहें?" मी अर्ज लिहिला. पाणी तोडणं हे घराबाहेर काढणंच आहे, असं वाक्य घातलं. ते वाक्य मला फार आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीतून एक जमादार आला आणि संध्याकाळी नळाला कॉक लागला. शिंप्याने मला दोन कापडी मास्क शिवून दिले. असे सहा-सात अर्ज मी त्या महिन्यात लिहिले आणि एकही वाया गेला नाही. पुढे एका मंडळाने मला शाल आणि प्रमाणपत्र दिलं, 'कोरोना योद्धा' म्हणून. ते मी घेतलं. नको म्हणायला हवं होतं, पण घेतलं.

कारण त्याच महिन्यात मी माझ्या भाडेकरूला घराबाहेर काढलं होतं.

आमच्या घराच्या मागे एक खोली आहे. तिला बोळातून वेगळं दार आहे, पण अंगण, नळ आणि संडास आमच्यातच. त्या खोलीत चार वर्षांपासून एक बाई राहत होती. पस्तिशीची, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातली. एका दवाखान्यात ठेकेदाराकडून सफाईला होती. आमच्यात करार नव्हता. जगाला करार करा म्हणून सांगणारा मी, तिला म्हणालो होतो, "घरच्या माणसाशी कसला कागद?" ती मला भाऊ म्हणायची, माझ्या बायकोला वहिनी. नुसतं म्हणायचीच नाही. माझ्या बायकोला दमा आहे. एकदा मी कचेरीत असताना तिला भरदुपारी जोराचा झटका आला. या बाईने तिला पाठीशी धरून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं आणि मी पोचेपर्यंत ऑक्सिजनच्या नळीजवळ उभी राहिली. त्या दिवशी ती नसती तर आज मी विधुर असतो.

मग तिची ड्यूटी कोरोनाच्या वॉर्डात लागली. सलग चौदा दिवस काम, मग चौदा दिवस सगळ्यांपासून वेगळं राहायचं, असा नियम होता. नर्सांची सोय एका वसतिगृहात केलेली होती. ठेक्याच्या बायकांना मुकादमाने सांगितलं, तुम्ही आपापल्या घरी राहा. हिचं घर म्हणजे आमची खोली. आणि संडास एकच.

चौदा दिवस ती पहाटे जायची, संध्याकाळी यायची. बोळातच अंगावरून पाणी घ्यायची, कपडे गरम पाण्यात बुडवायची. गल्लीत कुजबुज सुरू झाली. समोरच्यांनी खिडकी लावून घेतली ती उघडलीच नाही. दूधवाला आमच्या दारी थांबेना. मी सगळ्यांना कायदा सांगत होतो आणि आतून घाबरलेलो होतो. बायको रात्री खोकली की मी उठून बसायचो.

बायकोने एवढंच विचारलं होतं, "आता चौदा दिवस ती दिवसभर घरात राहील. संडासाचं कसं करायचं हो?" बस, एवढंच. पुढची कित्येक वर्षं मी लोकांना आणि स्वतःलाही सांगत आलो की बायकोच्या दम्यामुळे करावं लागलं. खरं म्हणजे ती उपाय विचारत होती. फिनाइलची बाटली, वेगळी बादली, वेळा ठरवून घेणं, असलं काहीतरी ती मनात धरून होती. उपाय मी काढला आणि तो असा काढला की साप मरावा पण काठी तुटू नये.

आखाजी आठ दिवसांवर होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आम्ही खान्देशात आखाजी म्हणतो, आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचा मान मोठा. सासरी गेलेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात. भाऊ किंवा भाचा न्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. ज्या बाईला आखाजीला बोलावणं येत नाही, तिला कोणी काही म्हणत नाही, पण सगळ्यांना कळतं.

आखाजीची दुसरीही एक गोष्ट आहे. शेतात वर्षभरासाठी ठेवलेल्या सालदाराचं साल आखाजीला संपतं. माझे वडील सालदाराला कधी 'उद्यापासून येऊ नको' म्हणाले नाहीत. सणाला जेवू घालायचे, धोतरजोडी द्यायचे, हसून बोलायचे. फक्त पुढच्या सालाचा विषय काढायचे नाहीत. जेवून उठताना तो माणूस समजून जायचा. मला लहानपणी ही फार खानदानी रीत वाटायची. तोंड वाईट न करता माणूस काढता येतो, हे मी घरीच शिकलो होतो.

त्या संध्याकाळी ती बोळात कपडे वाळत घालत होती. मी ओट्यावर उभा राहून म्हणालो, "ताई, चौदा दिवस खोलीत कोंडून काय घेतेस? आखाजी आली. माहेरी जाऊन ये."

ती वळली. मास्कमुळे डोळेच दिसत होते. "माहेरले?" ती म्हणाली. "खरंच जाऊ का भाऊ? माय मरनी तैपासून कोन्हीच बलावं नही माले."

तिला आई गेल्यापासून कोणी बोलावलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तिचा एक भाऊ गावी होता, पण तो कधी आला नव्हता. आणि तरी मी म्हणालो, "मी बोलतो तुझ्या भावाशी. परवान्याचं मी बघतो." मी भावाला फोन केला. तो मोकळेपणाने म्हणाला, "पाठवा ना, बहीणच शे ती." मला वाटलं, बघा, दोन तुटलेली माणसं मी जोडली. स्वतःच्या पाठीवर थाप मारायला माझा हात फार लांब जातो.

तेव्हा जिल्ह्याबाहेर जायला परवाना लागायचा आणि सणासाठी परवाना मिळत नव्हता. आजारपण, मृत्यू किंवा अडकून पडलेल्या माणसाने आपल्या मूळ गावी परत जाणं, एवढीच कारणं चालायची. मी कॉम्प्युटर लावला आणि सोबत जोडायचं निवेदन लिहिलं. 'अर्जदार ही जळगाव येथील राहती खोली सोडून कायमस्वरूपी मूळ गावी परत जात आहे.' हे वाक्य लिहिल्याशिवाय परवाना मिळाला नसता, हे खरं. पण 'राहती खोली सोडून' हे शब्द नसते तरी परवाना मिळाला असता, हेही खरं. ते मी जास्तीचे घातले. उद्या ती कोणाकडे गेली, कोणी माझ्यावर अर्ज लिहिला, तर तिच्या सहीचा कागद माझ्याजवळ असावा म्हणून. दुसऱ्या कोणा मालकाने अशी चलाखी केली असती तर मी त्याला उभा चिरला असता.

मी दोन प्रती काढल्या आणि ओट्यावर ठेवून मागे सरकलो. ती आली, कागद उचलला, थोडा वेळ बघत राहिली. मी म्हणालो, "खाली सही कर. परवान्याचं आहे." तिने दोन्हींवर सही केली. दुसरी प्रत मी फायलीत लावली.

गाड्या बंद होत्या. केळीचा एक ट्रक पारोळ्यावरून धुळ्याकडे जाणार होता, त्याच्या ड्रायव्हरशी मी बोललो. निघताना तिने खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. वहिनीला लांबूनच हात जोडले. माझ्या बायकोने सांजोऱ्यांचा डबा उंबऱ्यावर ठेवला होता, तो घेऊन ती खूश झाली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मला म्हणाली, "चांगलं केलंत तुम्ही. बिचारी किती वर्षांनी माहेरी चालली." मी बायकोलाही कागदातलं सांगितलेलं नव्हतं.

त्याच रात्री तिचा फोन आला. "भाऊ, गावमा घिधं नही. गावना तोंडले काट्या टाकेल शेतस. मी शायामा शे." गावकऱ्यांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. दवाखान्यातली बाई आली म्हटल्यावर भावाचंही काही चाललं नाही, की त्याने चालवलं नाही, कोण जाणे. तिला शाळेच्या एका खोलीत ठेवलं होतं. भावजय भाकरी आणून पायरीवर ठेवायची. आखाजीच्या दिवशी गावातल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, ती खिडकीतून ऐकत होती. हे तिने मला कौतुकानेच सांगितलं. किती वर्षांनी गाणी ऐकली म्हणाली.

चौदा दिवसांनी पुन्हा फोन. "भाऊ, चौदा दिन व्हई गयात. येऊ का मी?"

ही वेळ होती. मी 'ये' म्हणायचं होतं आणि परतीचा परवाना लिहायचा होता. वीस मिनिटांचं काम. ती निरोगी होती, दवाखान्याला तिची गरज होती, आणि सरकारचे सगळे कागद तिच्या बाजूने होते. पण तोवर आम्हाला संडास मोकळा मिळाल्याची सवय झाली होती. दूधवाला पुन्हा दारी थांबायला लागला होता. शेजारच्या गल्लीत एक रुग्ण निघाला होता. मी म्हणालो, "थोडी थांब ताई. इकडे वातावरण चांगलं नाही. मी कळवतो."

मी कळवलं नाही. आठ दिवसांनी तिनेच फोन केला. "मुकादम म्हनस, सोमवारलोंग उनी नही ते दुसरी ठेवसू. परवाना लिखी देतस का भाऊ?" सोमवारपर्यंत ती कामावर आली नाही तर मुकादम तिच्या जागी दुसरी बाई ठेवणार होता. मी म्हणालो, "लिहितो." त्या दिवशी मी दुसऱ्या कोणाचा तरी अर्ज लिहिला. एका मालकाने विद्यार्थ्यांचं सामान बाहेर ठेवलं होतं. फार तावातावाने लिहिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याच्या शेजारी माझ्यासारखाच कोणी राहत असणार. सोमवार आला आणि गेला. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

श्रावणात तिचा भाऊ पिकअप घेऊन सामान न्यायला आला. लोखंडी पेटी, शेगडी, एक खाट, देवांची टोपली. किल्ली तिने त्याच्याजवळ दिली होती. सामान चढवून झाल्यावर त्याने मला हात जोडले आणि म्हणाला, "तुम्ही त्या वक्ताला तिला काढून दिलं म्हणून वाचली भाऊ. तिच्यासोबतच्या दोन बायका आजारी पडल्या." मी मान डोलावली. खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं नाही.

खोली नंतर मी भाड्याने दिलीच नाही. तिथे जुन्या फायली टाकल्या. बायकोला एके दिवशी त्या फायलींत ती दुसरी प्रत सापडली. तिने वाचली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "मी तर संडासाचं विचारलं होतं." त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि मग तो विषय घरात कधी निघाला नाही. मी मनात ठरवत राहिलो की धुळ्याकडे गेलो की तिच्या गावी जायचं, स्पष्ट बोलायचं. धुळ्याला माझी साडू-मेहुणे मंडळी आहेत, वर्षातून दोनदा जाणं होतं. प्रत्येक वेळी ऊन जास्त असायचं, नाहीतर बस चुकायची.

गेल्या वर्षी डोळ्यांना अंधारी यायला लागली. साडू म्हणाला, धुळ्याला एक चांगला डॉक्टर आहे, मोतीबिंदू दाखवून घे. गेलो. डोळे तपासण्याआधी थेंब टाकून अर्धा तास बसवतात. बाकावर आम्ही सात-आठ म्हातारे ओळीने माना वर करून बसलो होतो. एक बाई एकेकाच्या डोळ्यांत औषध टाकत येत होती. माझ्यापाशी आली, पापणी बोटाने खाली ओढली, दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले आणि म्हणाली, "डोया मिटी ठेवा बाबा. उघडू नका."

मी डोळे मिटले आणि मग मला तो आवाज कळला. तिनेही मला ओळखलं असणार, कारण तिची पावलं पुढे गेली नाहीत.

"भाऊ?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. डोळ्यांतून औषध गालावर आलं. तिने कापूस दिला. वहिनी कशी आहे, दम्याचा पंप वेळेवर घेते का, तिने सगळं विचारलं. तिचं बरं चाललं होतं. धुळ्यात खोली घेतली होती, अकरा महिन्यांचा करार करून. हे सांगताना ती थोडी हसली असं मला वाटलं, पण मला दिसत नव्हतं.

मी म्हणालो, "ताई, मला तुला एक सांगायचं होतं. तो परवान्याचा कागद..."

"तो मी वाचेल व्हता," ती म्हणाली. "'कायमस्वरूपी' लिखेल व्हतं. 'खोली सोडीसन' लिखेल व्हतं. दहावीलोंग शिकेल शे मी भाऊ."

शेजारचा म्हातारा खाकरला. मी आवाज खाली आणून विचारलं, "मग सही का केलीस?"

"तुम्ही कागद ठेईसन मांगे सरकनात. मनमा म्हनं, वहिनीना दमाना भेव शे यास्ले. आते सांगतीन, मंग सांगतीन. चौदा दिन वाट देखी, फोन करा, तरी तुम्ही सांगं नही."

"चूक झाली माझी," मी म्हणालो. इतकी वर्षं जमवून ठेवलेलं हे वाक्य बाहेर पडल्यावर अगदीच लहान निघालं. "तू कोणाकडे तरी जायचं होतंस. चौकीत, तहसीलला. तुझ्या बाजूने सगळं होतं. माझ्यावर अर्ज करायचा होतास."

बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला.

"गल्लीमा सगळास्ना अर्ज तुम्हीच लिखेत," ती म्हणाली. "माले बी लिखता येस. पन 'खोली खाली कर' म्हननारावर अर्ज करता येस भाऊ. 'आखाजीले माहेरले जाय' म्हननारावर कसाना अर्ज करू?"

मी डोळे उघडायला गेलो. तिने माझ्या कपाळावर तळहात ठेवला, मान पुन्हा मागे टेकवली आणि म्हणाली, "अजून टाइम शे." मग ती पुढच्या माणसाकडे गेली.